कार्बोरंडमला कुरुंद म्हणू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आयटीआयच्या मुलांसाठी यंत्रशाळेची एक इंग्रजी पुस्तिका तुम्ही मराठीत आणताय. तिच्यात ‘कार्बोरंडम’ हा शब्द सात-आठ ठिकाणी आलाय. एका कोशात त्याला ‘कुरुंद’ हा प्रतिशब्द मिळाला, दुसऱ्यात ‘एक कृत्रिम अपघर्षक’ एवढंच लिहिलंय. कुरुंद हा आपला जुना, रुळलेला शब्द आहे, मग तोच का वापरू नये? आणि वापरायचा नसेल तर कार्बोरंडमचा नेमका अर्थ काय?

आधी उत्तर देतो. कार्बोरंडम म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. सिलिकॉन आणि कार्बन यांचं भट्टीत तयार केलेलं, हिऱ्याच्या खालोखाल कठीण असलेल्या मोजक्या पदार्थांतलं एक द्रव्य. मराठीत कार्बोरंडमच लिहा, आणि तो शब्द पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे सिलिकॉन कार्बाइड’ अशी जोड द्या. कुरुंद लिहू नका, कारण कुरुंद म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. दोन्ही घासायच्याच वस्तू असल्या तरी एकीचं काम दुसरीला जमत नाही. ही शब्दांची कीस काढणी वाटेल तुम्हाला, पण मी ३४ वर्षं टूलरूममध्ये काढली, त्यातली बरीचशी ग्राइंडरसमोर. या एका शब्दापायी माल भंगारात गेलेला मी पाहिलाय.

तो प्रसंगच सांगतो. एका कारखान्यात ऑफिसातल्या कुणीतरी उत्साहाने सगळ्या सूचना मराठीत केल्या. हेतू चांगला होता. टंगस्टन कार्बाइडची टीप, म्हणजे कापणारं टोक, बसवलेल्या टूलना धार लावायच्या ग्राइंडरवर पाटी लागली: ‘कुरुंदाचे चाक वापरावे.’ मूळ इंग्रजीत कार्बोरंडम होतं. हिरवं, म्हणजे कार्बोरंडमचं, चाक झिजलं तेव्हा नव्या पोराने पाटी वाचून स्टोअरकडे मागणी लिहिली, ‘कुरुंद चाक, ८ इंच’. आमचा स्टोअरकीपर केमिस्ट्री शिकलेला. कुरुंद म्हणजे ॲल्युमिना, म्हणजेच ॲल्युमिनियम ऑक्साइड, हे त्याला पक्कं ठाऊक, म्हणून त्याने ॲल्युमिनाचं तपकिरी चाक दिलं. त्याची काय चूक? मागितलं तेच त्याने दिलं. दुपारपर्यंत दोन डझन टीपांना बारीक केसासारख्या भेगा. चाक टीपेला कापतच नव्हतं, नुसतं घासून तापवत होतं, आणि टूल लाल व्हायला लागलं की पोरगा ते पाण्यात बुडवत होता. तापलेलं कार्बाइड पाण्यात बुडवलं की तडकतंच.

आता कुरुंद या शब्दाकडे येऊ, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो आणि गोष्ट मोठी मजेची आहे.

संस्कृतात ‘कुरुविंद’ म्हणजे माणिक. तमिळमध्ये ‘कुरुंदम’. दक्षिण भारतात हा दगड जमिनीतून निघायचा. त्याची पूड करून, लाखेत कालवून चाक बनवायचं आणि त्यावर रत्नं घासायची, हत्यारांना धार द्यायची, ही आपल्याकडची जुनी विद्या. शिकलगारांच्या हातातली. अठराव्या शतकात युरोपियन लोकांनी हा दगड नेला आणि नावही नेलं. चार्ल्स ग्रेव्हिल यांचा आशियातल्या कुरुंद दगडावरचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीत १७९८ साली आला. कुरुंदमचं ‘कोरंडम’ झालं आणि खनिजशास्त्रात कायमचं बसलं. हे शुद्ध असेल तर रंगहीन असतं. त्यात किंचित क्रोमियम गेलं की माणिक होतं, लोखंड आणि टायटॅनियम गेलं की नीलम. टूलरूममध्ये जे गुलाबी चाक दिसतं त्यातही ॲल्युमिनात थोडं क्रोमियमच असतं. म्हणजे आम्ही आयुष्यभर माणकाच्या नात्यातल्या चाकावर पोलाद घासलं, फक्त पगार सोनाराचा नव्हता.

मराठी बोलण्यात आणखी एक गुंता आहे. गावाकडे ‘कुरुंदाचा दगड’ म्हणजे कुठलाही काळा, टणक दगड. जातं कुरुंदाचं, पाटा कुरुंदाचा, देवळाचा चौथरा कुरुंदाचा. तो दगड बहुधा आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट असतो, आणि बेसाल्टचा खऱ्या कुरुंदाशी काडीचा संबंध नाही. खऱ्या कुरुंदाची कठीणता मोसच्या मापावर ९ आहे, बेसाल्टची ६ च्या आसपास. तेव्हा तुमच्या पुस्तिकेत कुरुंद वाचून एखाद्या खेड्यातल्या पोराच्या डोळ्यासमोर आजीचा पाटा उभा राहिला तर त्याला हसू नका.

आता कार्बोरंडम. एडवर्ड गुडरिच ॲचेसन नावाचा अमेरिकन गृहस्थ होता. काही काळ तो एडिसनकडे कामाला होता. १८९१ साली पेनसिल्व्हेनियातल्या मोनोंगाहेला गावात तो कृत्रिम हिरे करायच्या खटपटीत होता. लोखंडी भांड्यात चिकणमाती आणि कोकची पूड भरली, विजेची एक तार भांड्याला जोडली, दुसरी कार्बनच्या कांडीला, कांडी मिश्रणात खुपसली आणि जबरदस्त प्रवाह सोडला. थंड झाल्यावर कांडीच्या टोकाला काही चमकदार कण चिकटलेले दिसले. त्यातला एक त्याने काचेवर ओढून पाहिला तर काचेवर रेघ उमटली.

हिरे झाले नव्हते. ॲचेसनने तर्क लढवला: मिश्रणात कार्बन होता आणि मातीतलं ॲल्युमिना होतं, तेव्हा हे कार्बन आणि कोरंडमचं संयुग असणार. म्हणून नाव ठेवलं कार्बोरंडम. पुढे रासायनिक तपासणी झाली तेव्हा कळलं की त्यात कोरंडम नाहीच. मातीतल्या सिलिकामधल्या सिलिकॉनशी कार्बनची जोडी जमली होती. पण तोवर बारसं उरकलं होतं. कंपनीचं नाव कार्बोरंडम, मालाचं नाव कार्बोरंडम, आणि २८ फेब्रुवारी १८९३ ला पेटंट मिळालं तेही याच द्रव्याचं.

म्हणून मी म्हणतो की कार्बोरंडमला कुरुंद म्हणणं म्हणजे ॲचेसनने सव्वाशे वर्षांपूर्वी केलेली चूक मराठीत पुन्हा करणं. त्याला निदान प्रयोगशाळेतली तपासणी हाताशी नव्हती. आपल्याला सबब नाही. शब्द आपल्याच दक्षिणेतून परदेशी गेला, तिकडे दुसऱ्याच घरात पडला आणि सासरचं नाव लावून माहेरी आला. आता त्याला माहेरच्या नावाने हाक मारली तर ओ देणारी व्यक्ती वेगळीच असेल.

सुरुवातीला हा माल कॅरेटच्या भावाने न्यूयॉर्कच्या रत्नं घासणाऱ्यांना विकला जाई, हिऱ्याच्या पुडीला पर्याय म्हणून. मग शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात दिवे लावायचा ठेका वेस्टिंगहाउसला मिळाला. त्या दिव्यांना काचेची बुचं होती आणि ती नेमकी घासून बसवायला कार्बोरंडमची छोटी चाकं लागली. विवेकानंद ज्या धर्मपरिषदेत बोलले ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती, हे जाता जाता. भट्टीला वीज बेसुमार लागते, म्हणून १८९५ मध्ये कारखाना नायगारा धबधब्याजवळ गेला. तिथे जलविद्युत स्वस्त होती. आजही कार्बोरंडमची किंमत मुख्यतः विजेच्या दरावर ठरते.

भट्टीची रीत सांगण्यासारखी आहे, कारण तुमच्या पुस्तिकेत काळं आणि हिरवं कार्बोरंडम असे दोन प्रकार आले असतील. लांबलचक हौदासारखी भट्टी. मधोमध ग्रॅफाइटचा गाभा. त्याच्या भोवती स्वच्छ वाळू आणि पेट्रोलियम कोक यांचं मिश्रण रचायचं. पूर्वी त्यात लाकडाचा भुसाही घालत, म्हणजे मिश्रण सच्छिद्र राहतं आणि आतला कार्बन मोनॉक्साइड वायू बाहेर पडायला वाट मिळते. मीठही घालत, म्हणजे लोखंडासारखी घाण क्लोराइड होऊन उडून जाते. गाभ्यातून दीडएक दिवस वीज सोडली की आतलं तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जातं. वाळूतला ऑक्सिजन कार्बन घेऊन जातो आणि सिलिकॉन उरलेल्या कार्बनशी जोडला जातो. थंड झाल्यावर हौद फोडला की गाभ्याभोवती स्फटिकांचं जाड कडं मिळतं. इंद्रधनुषी चमकतं ते. ती चमक स्फटिकाची स्वतःची नसते, वर बसलेल्या सिलिकाच्या पातळ थराची असते. शुद्ध माल हिरवा, थोडं ॲल्युमिनियम वगैरे मिसळलेला काळा. हिरवा जरा जास्त कठीण आणि ठिसूळ, महागही. गाभ्याजवळ उष्णता फार झाली तर कार्बोरंडम मोडून सिलिकॉन उडून जातं आणि मागे ग्रॅफाइट राहतं. ॲचेसनने त्यावरूनच कृत्रिम ग्रॅफाइटचा दुसरा धंदा उभा केला.

निसर्गात हे द्रव्य जवळजवळ नाही. आंरी मोइसां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला ते ॲरिझोनातल्या उल्केच्या तुकड्यात मिळालं, म्हणून त्या खनिजाला मोइसनाइट म्हणतात. हल्ली सराफाच्या दुकानात हिऱ्याऐवजी मोइसनाइटची अंगठी दाखवतात ना, ते घडवलेलं, पारदर्शक सिलिकॉन कार्बाइडच. आमच्या हिरव्या चाकाचं श्रीमंत भावंड म्हणा.

आता दोघांत फरक काय, की एकाऐवजी दुसरं चालत नाही? नुसत्या कठीणतेवर बोलायचं तर कार्बोरंडम वरचढ आहे. नूप मापावर ॲल्युमिना सुमारे २१००, कार्बोरंडम सुमारे २५००. मग सगळीकडे कार्बोरंडमच का नाही वापरत? मीही ट्रेनी असताना हाच शहाणपणा केला होता. हायस्पीड स्टीलचं टूल घेतलं आणि ‘जास्त कठीण ते जास्त चांगलं’ म्हणून हिरव्या चाकावर धरलं. ठिणग्या उडत होत्या, मला वाटलं काम जोरात चाललंय. आमचे फोरमन कोल्हापूरकडचे. मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “आरं लेका, टूल घासतोयस का चाक?” खाली पाहिलं तर ग्राइंडरच्या पायाशी हिरव्या पुडीचा ढीग, चाकाच्या तोंडाला खोबण, आणि टूल होतं तिथेच.

कारणं दोन. पहिलं रासायनिक. घासण्याच्या जागी, दाण्याच्या टोकावर, क्षणभर फार उष्णता होते. त्या उष्णतेत तापलेलं लोखंड कार्बनसाठी वखवखलेलं असतं. कार्बोरंडममधला कार्बन ते ओढून घेतं आणि दाण्याची धार बोथट होते. हिऱ्याच्या चाकाने पोलाद घासू नये याचं कारणही तेच, हिरा म्हणजे नुसता कार्बन. ॲल्युमिनात कार्बन नाही, त्यामुळे लोखंडाला त्यातून घेण्यासारखं काही नाही. दुसरं कारण दाण्याच्या स्वभावाचं. कार्बोरंडम कठीण आहे पण ठिसूळ. ॲल्युमिना त्यामानाने चिवट आहे, मार खातं. पोलादासारख्या ताणाला पक्क्या धातूवर दाण्याला सतत धक्के बसतात, तिथे चिवटपणाच लागतो.

उलट बीड, म्हणजे करड्या रंगाचं कास्ट आयर्न, स्वतःच ठिसूळ. त्याच्यात कार्बन आधीच पोटभर असतो. तिथे काळं कार्बोरंडम छान चालतं. पितळ, काँसं, ॲल्युमिनियम, तांबं यांसारख्या मऊ धातूंनाही त्याची टोकदार धार मानवते. काच, ग्रॅनाइट, चिनी माती, काँक्रीट, रबर, ही सगळी त्याचीच गिऱ्हाइकं. आणि टंगस्टन कार्बाइडच्या टीपा पारंपरिक चाकांत फक्त हिरव्यावर. आता तिथे हिऱ्याची चाकं आलीत, तसं कठीण पोलादासाठी क्यूबिक बोरॉन नायट्राइड आलंय. १९५७ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी ते केलं आणि त्याचं व्यापारी नाव बोराझॉन पडलं. पुस्तिका जुनी असेल तर हे त्यात नसेल. असलं तर बोराझॉनचंही तसंच करा, नाव ठेवा आणि द्रव्य सांगा.

एक बारकावा. बीड म्हटलं की डोळे मिटून कार्बोरंडम असंही नाही. एसजी आयर्न, म्हणजे ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं ते बीड, पोलादासारखं चिवट वागतं, त्याला ॲल्युमिनाचंच चाक बरं. कोल्हापूरच्या फाउंड्रीतल्या फेटलिंगवाल्याला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करणाऱ्याला, हे हाताने कळतं, पुस्तक वाचून नव्हे. तुमच्या पुस्तिकेत नुसतं ‘कास्ट आयर्न’ असेल तर ‘बीड’ लिहा आणि पुढे जा, तिथे एसजीची चर्चा उकरू नका.

तुमच्या कामाला सगळ्यात उपयोगी पडेल ती गोष्ट आता. पुस्तिकेत कुठेतरी चाकाचा कोड छापलेला असणार. तो पाहा, शब्दाकडे पाहू नका. चाकाच्या लेबलावर ‘ए ४६ के ५ व्ही’ असं काहीतरी असतं. पहिलं अक्षर द्रव्याचं. ए म्हणजे ॲल्युमिना, तपकिरी. पांढऱ्या ॲल्युमिनाला डब्ल्यूए किंवा एए. सी म्हणजे काळं कार्बोरंडम. जीसी म्हणजे हिरवं. मग आकडा दाण्याचा, तो जितका मोठा तितका दाणा बारीक. नवीन मुलांचं इथे हमखास उलटं होतं, म्हणून भाषांतरात ‘६० नंबरचा दाणा, १२० पेक्षा भरड’ असं स्पष्ट लिहिलंत तर मुलं दुवा देतील. त्यानंतरचं अक्षर चाकाच्या घट्टपणाचं, ए सगळ्यात मऊ, झेड सगळ्यात घट्ट. हा घट्टपणा दाण्याचा नाही, दाणे धरून ठेवणाऱ्या बंधाचा आहे. इंग्रजीत त्याला ‘हार्ड व्हील’ म्हणतात आणि भाषांतरात ‘कठीण चाक’ झालं की वाचणाऱ्याला वाटतं दाणा कठीण. मी ‘घट्ट चाक’ आणि ‘सैल चाक’ म्हणतो. वर्गात हे लगेच कळतं. कठीण वस्तूला सैल चाक लावायचं, म्हणजे बोथट झालेले दाणे लवकर गळून खालचे ताजे दाणे वर येतात, हेही मग सांगता येतं. पुढचा आकडा दाण्यांमधल्या मोकळ्या जागेचा. शेवटचं अक्षर बंधाचं, व्ही म्हणजे भट्टीत भाजलेला मातीचा बंध, बी म्हणजे राळेचा.

पहिलं अक्षर सी किंवा जीसी असेल आणि मजकुरात कार्बोरंडम असेल तर सगळं जुळलं. अक्षर ए असेल आणि मजकुरात कार्बोरंडम असेल तर मूळ इंग्रजी लेखकानेच शब्द ढोबळ वापरलाय. हे फार होतं. कार्बोरंडम हे मुळात एका कंपनीचं व्यापारी नाव, आणि ती कंपनी पुढे ॲल्युमिनाची चाकंही विकत असे. त्यामुळे जुन्या इंग्रजी पुस्तकांत कधी कधी कार्बोरंडम व्हील म्हणजे निव्वळ ‘ग्राइंडिंगचं चाक’, कुठल्याही द्रव्याचं. आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो तसं. भारतातही हेच झालं. चेन्नईच्या मुरुगप्पा समूहाने अमेरिकेतली कार्बोरंडम कंपनी आणि इंग्लंडमधली युनिव्हर्सल ग्राइंडिंग व्हील यांच्याबरोबर १९५४ मध्ये कार्बोरंडम युनिव्हर्सल काढली. कामगारांच्या तोंडी ती ‘कुमी’. तिच्या नावातच कार्बोरंडम, चाकातला दाणा कुठला का असेना. महाराष्ट्रात त्याहून आधी, १९४१ मध्ये, उरणजवळ मोऱ्याला ग्राइंडवेल सुरू झाली, पुढे ती ग्राइंडवेल नॉर्टन झाली. नॉर्टनचं ॲल्युमिनाचं व्यापारी नाव ‘अलंडम’. तेही तुमच्या पुस्तिकेत भेटलं तर ते मात्र खरोखर कुरुंदाच्या जातीचं, बॉक्साइट वितळवून केलेलं. तिथेही मी ‘कृत्रिम कुरुंद’ न लिहिता ‘ॲल्युमिनियम ऑक्साइड’ लिहीन, कारण पोराला स्टोअरमध्ये तेच मागायचंय.

‘अपघर्षक’ या शब्दाबद्दल. पाठ्यपुस्तकात चालतो, एकदा व्याख्येत वापरा. कारखान्यात मी तो कुणाच्या तोंडून ऐकला नाही. ‘घासायचा दाणा’ किंवा नुसतं ‘दाणा’ म्हणतात. ‘दाणा गळतोय’, ‘दाणा बसला’, ‘चाक भरलं’. भरलं म्हणजे ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूचा चुरा चाकाच्या छिद्रांत बसला आणि चाक कापेनासं झालं. मग हिऱ्याच्या टोकाने चाकाचं तोंड खरवडून ताजं करायचं, त्याला सगळे ‘ड्रेसिंग’च म्हणतात. मराठीत याला नेमका शब्द हवा असेल तर घरातच आहे: पाट्याला, जात्याला टाकी लावतात, तेच हे काम. मी मुलांना एकदा ‘चाकाला टाकी लावायची’ म्हणून सांगितलं, जन्मात विसरले नाहीत. पुस्तिकेत ड्रेसिंग लिहा, पण एका वाक्यात टाकीची उपमा द्या.

यंत्रशाळेबाहेर हा शब्द मराठीत कुठे कुठे जिवंत आहे तेही पाहा, म्हणजे उदाहरणं आयती मिळतील. मोझॅक किंवा कोट्याच्या फरशीला पॉलिश करणारा माणूस मशीनखाली कार्बोरंडमचे दगड लावतो. आधी भरड ६० च्या आसपासचे, मग १२०, मग ३२०, शेवटी ऑक्झॅलिक पावडर. त्याला विचारा, तो ‘कारबंडम’ म्हणेल. त्याला सुधारायला जाऊ नका, त्याला दगड ओळखता येतो. गॅरेजमध्ये इंजिनाचे व्हॉल्व्ह त्यांच्या बैठकीत घासून बसवायला जी करडी पेस्ट लावतात, तीही बहुधा कार्बोरंडमच, डबीच्या एका तोंडाला भरड आणि दुसऱ्याला बारीक. गाडी रंगवणाऱ्याचा ‘वॉटर पेपर’, काळा, पाण्यात भिजवून घासायचा, तोही. मात्र सुताराचा पिवळा ‘काच कागद’ वेगळा आणि ‘एमरी’ वेगळी. एमरी म्हणजे निसर्गात मिळणारं कुरुंद आणि लोहचुंबक खनिज यांचं मिश्रण, ग्रीसमधल्या नॅक्सॉस बेटाची प्रसिद्ध. दुकानदार तिन्ही एकाच गठ्ठ्यात देतो, भाषांतरकाराने देऊ नये.

सुताराची पटाशी निसायचा दोन बाजूंचा दगड मिळतो, एक बाजू भरड, दुसरी बारीक. तो काळा-करडा असेल तर कार्बोरंडम, विटकरी असेल तर बहुतेक ॲल्युमिना. इथे तुम्ही म्हणाल, पटाशी तर पोलादाची, मग कार्बोरंडम कसं चालतं? चालतं, कारण हातावर, पाणी किंवा तेल लावून, सावकाश घासताना ती उष्णता होतच नाही. कार्बन ओढायचा प्रकार वेगाने फिरणाऱ्या चाकावरचा. म्हणून तुमच्या पुस्तिकेत ‘कार्बोरंडमच्या दगडाने कड मोडून घ्यावी’ असं पोलादी भागाबद्दल असेल तर ते चूक समजू नका. हातातल्या दगडाने बर, म्हणजे कडेला राहिलेली धातूची कोर, काढणं आणि चाकावर टूल धरणं ही दोन कामं आहेत.

शब्दाचा आणखी एक संसार आहे, तो तुमच्या पुस्तिकेत येणार नाही पण मला आवडतो म्हणून सांगतो. १९०७ साली एच. जे. राउंड नावाच्या इंग्रज अभियंत्याने कार्बोरंडमच्या स्फटिकातून वीज सोडली तर त्यातून पिवळसर उजेड निघाला. आजच्या एलईडीची ती पहिली नोंद. आता विजेवर चालणाऱ्या मोटारींत वीज फिरवणारे स्विच याच द्रव्याचे करतात. तिथे मात्र त्याला कुणी कार्बोरंडम म्हणत नाही, सिलिकॉन कार्बाइडच म्हणतात. घासायचं द्रव्य असेल तेव्हा कार्बोरंडम आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये सिलिकॉन कार्बाइड, अशी वापराची वाटणी आपोआप झालीय. भाषांतरात ती पाळलेली बरी.

एक भर माझ्याकडून, मूळ पुस्तिकेत नसली तरी टीप म्हणून टाका. चाक बसवण्याआधी ते बोटावर टांगून लाकडी मुठीने हळूच ठोकायचं. मातीच्या बंधाचं धड चाक खणखणतं, तडा गेलेलं बद्द बोलतं. माठ घेताना आई ठोकून बघायची तसंच. बद्द बोललं की ते चाक फोडून टाकायचं, कपाटात ठेवायचं नाही, नाहीतर दुसऱ्या पाळीतला कुणीतरी ते बसवतो. २०० मिलिमीटरचं चाक मिनिटाला २८०० फेरे मारतं तेव्हा त्याच्या कडेचा वेग सेकंदाला २९ मीटरच्या वर असतो, ताशी शंभर किलोमीटरहून जास्त. त्या वेगाने सुटलेला तुकडा कुणाला ओळखत नाही. म्हणून चाक सुरू करताना पहिलं मिनिटभर बाजूला उभं राहायचं, समोर नाही.

तुम्ही नमुना म्हणून पाठवलेलं वाक्य होतं, कार्बाइड टीपचं टूल कार्बोरंडम चाकावर धार लावून घ्यावं आणि पाण्यात बुडवू नये, अशा अर्थाचं. मी ते असं लिहीन: ‘कार्बाइडची टीप असलेल्या टूलला हिरव्या कार्बोरंडम चाकावर, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडच्या जीसी चाकावर, धार लावावी. टूल तापल्यास पाण्यात बुडवू नये, हवेत गार होऊ द्यावे.’ हिरवं आणि जीसी हे दोन शब्द मुळात नाहीत, मी घातलेत. पुस्तिकेच्या शेवटी चाकांचा तक्ता असेल तर त्यातलं अक्षर एकदा जुळवून घ्या. तिथे सी असेल तर ‘हिरव्या’ काढून टाका आणि ‘जीसी’च्या जागी ‘सी’ लिहा.